आठवड्याचे दोन हिरवे दिवस

पाटोद्याचा आठवडी बाजार सकाळपासून भरतो, पण त्याचा खरा रंग कळतो तो दिवस कलल्यावर. पहिल्या फेरीत येतात नोकरदार, दुकानदार, शिक्षक. वांगी उलटसुलट करून, भेंडीचं टोक मोडून, निवडून घ्यायची त्यांना सवड असते आणि खिशात पैसेही असतात. दुपारी वाड्या-वस्त्यांवरची म्हातारी माणसं येतात, कारण त्यांची एसटी त्याच वेळची. मजुरीवर जाणाऱ्या बाया मात्र सगळ्यात शेवटी. आठवड्याची मजुरी बाजारच्या दिवशी चुकती करायची पद्धत इकडे अजून पुष्कळ ठिकाणी आहे. शेतातून सुटायचं, पैसे हातात घ्यायचे आणि तसाच बाजार गाठायचा. तोवर मेथीच्या जुड्यांनी मान टाकलेली असते, कोथिंबीर पाणी मारून मारून काळपटलेली असते आणि टोमॅटोच्या ढिगातले खाली दबलेले तेवढे उरलेले असतात.

भाजीवालीलाही माल परत न्यायचा नसतो. तराजू बाजूला पडतो आणि वाटे सुरू होतात. दहाचा वाटा, वीसचा वाटा. अंधारायला लागलं की दोन वाटे एकात. बाजार मोडतानाची ही घाईची उलाढाल कुठल्याही भावफलकावर येत नाही, पण तालुक्यातल्या कितीतरी चुलींवर पुढचे सात दिवस काय शिजणार ते इथेच ठरतं.

एक खुलासा आधीच केलेला बरा. पाटोदा म्हटलं की अनेकांना छत्रपती संभाजीनगरजवळचं आदर्श गाव आठवतं. भास्करराव पेरे पाटलांचं, कर भरणाऱ्याला दळण फुकट देणारं. हे ते नव्हे. हे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जामखेडहून सौताड्यामार्गे मांजरसुंब्याकडे निघालं की वाटेत लागणारं, बालाघाटाच्या माथ्यावरचं. या माथ्याची एक गंमत आहे. मांजरा याच तालुक्यात उगम पावते आणि पूर्वेला जाऊन धनेगावच्या धरणात लातूरकरांसाठी साठते. सिंदफणाही इथल्याच डोंगरांतली. ती उत्तरेला निघते आणि पुढे माजलगावचं धरण भरते. विंचरणा सौताड्याच्या रामेश्वराजवळ कड्यावरून खाली झेपावते आणि दक्षिणेला सीनेकडे निघून जाते. तीन नद्यांचं माहेर असलेल्या या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. भाजीचा विचार इथूनच सुरू करावा लागतो, कारण ज्वारी-बाजरी पावसावर येते, पालक येत नाही.

मेथी आधी, डाळ नंतर

बाजाराची पिशवी घरी आली की तिच्यातल्या मालाचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या संध्याकाळी मेथी नाहीतर शेपू, कारण ती सकाळपर्यंत टिकणार नाही. दुसऱ्या दिवशी गवार, दोडका, भेंडी, जे काही असेल ते. तिसऱ्या दिवशी वांगं-बटाटा. फ्रीज असलेल्या घरात हा क्रम थोडा लांबतो, पण फ्रीज सगळीकडे नाही आणि वीज असेलच असंही नाही. चौथ्या दिवसापासून पिशवीत कांदा, लसूण आणि एखादा सुकलेला बटाटा उरतो. मग डब्यांची पाळी येते. तुरीची डाळ, मटकी, हुलगा, बेसनाचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. आणि काहीच नसेल तेव्हा मराठवाड्याचा हुकमी आधार, येसर. धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं हे पीठ उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. भाकरी कुस्करायला कोरड्यास झालं, जेवण झालं. चवीला ते झकास लागतं, यात वाद नाही. पण हिरवं त्यात काही नसतं.

भाजीची अशी लाट आठवड्यातून एकदा येते आणि ओसरते. वर्षाचाही असाच उतार-चढाव. श्रावण-भाद्रपदात रानात पालेभाज्या, पौषात गाजर, वाटाणा, पावटा, हरभऱ्याची भाजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला या सगळ्यांची मिळून एक भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. लातूर-धाराशिवकडे वेळअमावस्येला शेतात बसून शेंगा आणि पालेभाज्यांची भज्जी खाल्ली जाते, सोबत आंबील. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं काही चालतच नाही. आपोआप उगवलेल्या भाज्यांचीच मिसळ. पंचांग पाळणाऱ्या घरात निदान सणापुरती तरी ताटात आठ-दहा भाज्यांची गर्दी होत असे. चैत्र-वैशाख मात्र पूर्वीही कोरडा होता, आजही आहे. त्या दिवसांसाठी गवार, वांगी, मेथी वाळवून ठेवायची, सांडगे घालायचे. वाळवणात चव टिकते, चोथा टिकतो. क जीवनसत्त्व मात्र उन्हात बरंचसं उडून जातं.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की माणसानं दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात, आणि त्यात बटाटा धरायचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्या ताटात भाज्याच ४०० ग्रॅम आहेत आणि वर १०० ग्रॅम फळं. पाच माणसांच्या घराचा याप्रमाणे आठवड्याचा माल होतो साडेसतरा किलो. एवढी पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकत नाही, एसटीत मांडीवर मावत नाही. पाटोद्याच्या बाजारातून एका घरासाठी एवढा भाजीपाला घेऊन जाणारं माणूस दिसलं, तर त्याच्याकडे लग्न नाहीतर सप्ताह असणार, असंच कुणीही म्हणेल.

पिशवीचा हिशेब

समजा, भाजी सरसकट चाळीस रुपये किलो आणि फळं ऐंशी रुपये किलो. हे भाव हिशेबापुरते; टोमॅटो जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत दीडशेच्या वर गेला होता आणि इतर वेळी तोच रस्त्यावर ओतावा लागतो. पाच जणांच्या घराला आठवड्याला चौदा किलो भाजीचे ५६० आणि साडेतीन किलो फळांचे २८०, म्हणजे ८४० रुपये. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ठरलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये. सहा दिवस काम मिळालं तर १,८७२. म्हणजे एकाच्या कमाईवर घर चालत असेल तर शंभरातले पंचेचाळीस रुपये फक्त फळं-भाज्यांना. किराणा, तेल, गॅस, दवाखाना, मोबाइलचं रिचार्ज, बचत गटाचा हप्ता अजून बाकीच आहे. आणि सहा दिवस काम मिळालं, हेही आपण गृहीतच धरलं.

हा काही पाटोद्याचा खास हिशेब नाही. २०१६ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये १८ देशांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. कमी उत्पन्नाच्या गटात तिने भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि झिम्बाब्वे घेतले होते. तिथली माणसं दिवसाला फळं-भाज्यांचे सरासरी दोनच्या जरा वर वाटे (सर्व्हिंग) खात होती. शिफारस पाचची आहे. त्याहून बोलकी बाब खर्चाची. माणशी रोज दोन वाटे फळं आणि तीन वाटे भाज्या या दराने घ्यायच्या म्हटलं, तर श्रीमंत देशांतल्या घराच्या उत्पन्नातले दोन टक्केही लागत नव्हते. गरीब देशांत जवळजवळ ५२ टक्के लागत होते. 'लोकांना पोषणाचं महत्त्व कळत नाही' असं व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

सप्टेंबर हा २०१८ पासून देशभर पोषण महिना म्हणून पाळला जातो. अशा निमित्तानं लागणाऱ्या चित्रांत सफरचंद हमखास असतं, बऱ्याचदा द्राक्षंही. सफरचंद काश्मीर-हिमाचलातून येणार. बालाघाटाच्या माळावर त्याची ओळख आजारी माणसाच्या उशाशी ठेवायचं फळ अशीच आहे. इकडे फळ विकत आणलं जातं ते तीन प्रसंगी: कुणी दवाखान्यात असेल तर, उपवास असेल तर आणि पाहुण्याकडे जायचं असेल तर. केळ्यांची डझनभराची फणी घेतली तरी ती सहसा दुसऱ्याच्या घरी जाते.

पण पैसे अजिबातच नाहीत, असंही म्हणून चालणार नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीत ग्रामीण भारताचा जो खर्च दिसला, त्यात भाज्यांवर ५.३८ टक्के आणि फळांवर ३.७१ टक्के जात होते. चहा-पाणी, बिस्किटं, फरसाण, तयार खाऊ यांवर ९.६२ टक्के. म्हणजे भाज्या आणि फळं मिळून जेवढं होतं, त्यापेक्षा चहा-पाणी आणि पुड्यांवर जास्त. एवढं वाचून लगेच आयांना दोष द्यायचा मोह होतो. तो आवरून वस्तीवरच्या दुकानाकडे पाहावं. पाच रुपयांची पुडी दोरीला लटकलेली असते, सहा महिने नासत नाही, उधारीवर मिळते आणि मूल रडायचं थांबतं. केळंही पाचाला येतं, पण ते दुकानात नसतं. असलं तरी दोन दिवसांत काळं पडणार, आणि तो तोटा दुकानदाराने का सोसावा? आठवड्यातून एकदा भरणारा बाजार आणि रोज उघडं असणारं दुकान यांच्या झगड्यात नाशवंत माल हरतो.

खुरपणीतली भाजी

या भागात भाजी पूर्वी विकत घ्यायची वस्तू नव्हतीच फारशी. बाजरीच्या रानात मटकी-चवळीची ओळ असायची, कडेला अंबाडी, भेंडी, मध्येच वाळकाचा आणि भोपळ्याचा वेल. हे पेरायचं काम घरातली बाई करी आणि त्याचा हिशेब कारभारी विचारत नसे. त्याशिवाय न पेरता उगवणारं होतंच: तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजर, कुरडू, तरोटा, आघाड्याचा कोवळा पाला. पावसाळ्यात खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी मजुरीबरोबर ओटीत भाजी घेऊन घरी यायची. तणाला तण आणि भाजीला भाजी. बांधावर कर्टुल्याचा वेल, शेवगा, हादगा. थंडीत करडईचा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणून मालकही खुडू द्यायचा.

यात शहाणपण होतं आणि ते तपासूनही पाहता येतं. बाजरीत लोह चांगलं असतं, पण धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे ते अंगी लागायला अडतं. क जीवनसत्त्व सोबत असलं की ती अडचण बरीच सुटते. कच्च्या कांद्यासोबत लिंबाची फोड, हिवाळ्यात बोरं-आवळे, उन्हाळ्यात कैरी, ही सगळी त्याच कामाची. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेसोबत 'धनशक्ती' नावाचं जास्त लोहाचं बाजरीचं वाण आणलं, ते चांगलंच झालं. पण नुसत्या भाकरीने काम भागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. भाजी कमी असेल तेव्हा कढईच्या तळाशी काय उरतं आणि ते कुणाच्या वाट्याला येतं, हे कुठल्याही घरातल्या सुनेला विचारावं.

मग हे सगळं गेलं कुठे? पिकं बदलली. बाजरीची रानं कापसाखाली गेली, सोयाबीनखाली गेली. खुरपणीची मजुरी परवडेना, तशी तणनाशकाची फवारणी आली. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात गैर काही दिसत नाही. एकरभर रान खुरपायला लागणाऱ्या बाया मिळणंही अवघड झालं आहे. पण एका फवाऱ्यात दोन गोष्टी गेल्या: मजूर बाईचा रोज आणि तिच्या ओटीतली भाजी. त्या भाजीला भाव नव्हता, म्हणून तिचं जाणं कुणाच्या नुकसानीच्या पंचनाम्यात आलं नाही. फवारलेल्या रानाच्या बांधावरचा तांदुळजा खायला बाया आता कचरतात, आणि ते रास्तच आहे.

राज्याचा कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टच्या आगेमागे रानभाजी महोत्सव भरवतो. ठिकठिकाणी टेबलं लागतात, बचत गटाच्या बाया भाज्या मांडतात, अधिकारी चव घेतात, फोटो निघतात. उपक्रम चांगला. पण एकाच दिवसाची हौस झाली की कर्टुली शहरात महागडी चीज होते आणि खुडणाऱ्या बाईला ती घरी शिजवण्यापेक्षा विकणं परवडतं. केनियात मेरी अबुकुत्सा-ओनयांगो या प्राध्यापिकेनं राजगिऱ्याच्या जातीच्या आणि इतर देशी पालेभाज्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. ज्यांना लोक तण म्हणून हिणवत होते त्या भाज्यांचं बियाणं, लागवड, पाककृती यांवर भर दिला आणि त्या बाजारात मानानं परत आल्या. यातला बियाण्याचा आणि लागवडीचा भाग आपल्या महोत्सवांत फारसा दिसत नाही. तो पाहायचा तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याला जावं लागतं. तिथे राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याची आणि इतर गावरान बियाणी जपली आणि वाटली. त्यांना 'पद्मश्री' मिळाली, कौतुक झालं. बियाणं घरात ठेवायची सवय मात्र कौतुकाच्या वेगाने पसरत नाही.

डोळे उघडलेलं सीताफळ

बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर सीताफळ स्वतःहून वाढतं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही, मुरमात तग धरतं. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत त्याचा भर. फळाचे डोळे उघडले, खाचांतला रंग फिकट झाला की तोडायचं. दोन-चार दिवसांत ते पिकतं आणि आणखी एक-दोन दिवसांत हातातून जातं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि 'धारूर-६' हे वाण तिथलंच. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं 'एनएमके-१' म्हणजे गोल्डन सीताफळ आलं, तशा ठिबकवरच्या बागा वाढल्या. डोंगरातलं फुकटचं फळ हळूहळू क्रेटमध्ये गेलं.

त्यात वाईट काय? काहीच नाही, उलट बरंच चांगलं आहे. १९९० साली महाराष्ट्रानं रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा यावा म्हणूनच. सीताफळ, बोर, आवळा, चिंच ही झाडं त्या योजनेत शोभून दिसली, कारण ती दुष्काळाला पुरून उरतात. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, शेतकऱ्यांनी त्या कुऱ्हाडीनं तोडल्या; डोंगरातलं सीताफळ मात्र पुढच्या पावसात पुन्हा फुटलं.

फक्त एक लक्षात ठेवायचं: फळ पिकवणं आणि फळ खाणं यांच्यामध्ये प्रतवारी उभी असते. मोठं, डोळ्याला भरणारं फळ पुण्या-मुंबईला जातं. मधलं बीड-नगरच्या गाड्यावर. तडकलेलं, किडकं, बारकं घरी. पोरं तेच आवडीनं खातात आणि त्या महिन्याभरात त्यांच्या पोटात जेवढं फळ जातं तेवढं उरलेल्या अकरा महिन्यांत जात नसावं. बोरीची, कवठाची, जांभळाची झाडं बांधावर होती तेव्हा पोरांचा हा फळांचा हंगाम लांबत जायचा. ती फळं कुणी मोजत नव्हतं, विकतही नव्हतं. बांध कोरून अरुंद झाले, रस्ते रुंद झाले, आणि दोन्हीकडून झाडं गेली.

कोपीवरचं कालवण

सीताफळाचा हंगाम संपता-संपता पाटोदा तालुका अर्धा रिकामा व्हायला लागतो. दसरा-दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर येतात, नवरा-बायकोचा एक कोयता याप्रमाणे टोळ्या भरतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि बऱ्याचदा खर्चही झालेली असते. सोबत बाजरी-ज्वारीची पोती, डाळ, मसाल्याचे डबे, येसर. परतायचं मार्च-एप्रिलमध्ये.

उसाच्या फडावर बाईचा दिवस पहाटे तीन-साडेतीनला सुरू होतो. कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायच्या, दिवसभराच्या एकदमच. उसाची गाडी कधी लागेल याचा नेम नसतो. रात्री अकरालाही भरायला जावं लागतं. अशा वेळापत्रकात भाजी निवडणं, धुणं, चिरणं हे चैनीचं काम आहे. पिठलं पाच मिनिटांत होतं, चटणीला चूल लागत नाही. टोळीच्या मुकादमाकडून मिळणाऱ्या खर्चीतून तेल-मीठ-मिरची भागवायची. हातात रोख पैसा येतो तो मुख्यतः वाढ्यांतून: उसाचे शेंडे जनावरांच्या चाऱ्यासाठी मोळ्या बांधून विकायचे आणि त्यावर जवळच्या गावचा बाजार करायचा. म्हणजे कोपीत भाजी शिजणार की नाही, हे त्या आठवड्यात गोठेवाल्यांनी वाढ्यांना काय भाव दिला यावर ठरतं. तेही ज्याच्या शेतात ऊस तोडायचा तो वाढी तोडणाऱ्याकडे राहू देत असेल तर.

विसंगती अशी की ही माणसं राज्यातल्या सगळ्यात पाणीदार पट्ट्यात असतात. कोपीच्या पलीकडे फ्लॉवरचे, मिरचीचे, टोमॅटोचे प्लॉट, द्राक्षाच्या बागा. भल्या मनाचा मालक एखादी पाटी वांगी पाठवतो, नाही असं नाही. पण ती त्याची मर्जी झाली. हक्काच्या पैशाचं म्हणावं, तर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, एवढंच.

पन्नास ग्रॅम

गावात मागे राहिलेल्या मुलांच्या भाजीचा मोठा भाग शाळेतून येतो. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या ताटात रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या ताटात ७५ ग्रॅम भाजी असावी, असं केंद्राच्या शालेय पोषण योजनेत लिहिलेलं आहे. तांदूळ वेगळा मिळतो. डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन यासाठी मे २०२५ पासून लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे. कोरडा शिधा ठरलेला पुरवठादार पोहोचवतो. भाजीपाला आणि जळण मुख्याध्यापकांनी पाहायचं. बाजार आठवड्याचा, शाळा सहा दिवसांची, तेव्हा इथेही घरातलाच क्रम चालतो: बाजारानंतरच्या खिचडीत टोमॅटो-कोबी दिसतो आणि पुढे-पुढे ती पिवळीधमक होत जाते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं ठरवलं. वारकऱ्यांच्या या मुलखात केळ्याला पसंती देणारी घरं पुष्कळ. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी सरकारनं थांबवला. लोकसहभागातून करायचं असेल तर करा म्हटलं. ज्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद आहेत तिथला लोकसहभाग किती असणार, हे शासन निर्णय लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नाही.

ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालतात. शाळेत दुपारचं जेवण होतंच, वसतिगृहाचं काम सकाळ-संध्याकाळ पोटाला आधार देण्याचं. तिथे भाजी काय आणि किती, हे चालवणाऱ्या समितीवर आणि वेळेत आलेल्या निधीवर अवलंबून.

मोरीचं पाणी

भाजी विकत घेणं परवडत नाही, तर ती दारात लावा, हे उत्तर सगळ्यांना सुचतं आणि ते चुकीचंही नाही. बांगलादेशात 'हेलन केलर इंटरनॅशनल' या संस्थेनं रातांधळेपणाशी लढताना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून घरामागच्या बागांचं काम उभं केलं आणि ते देशभर पसरलं. पाटोद्याहून सौताड्याचा घाट उतरला की येणाऱ्या जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं. औषधाच्या आधी पाणी आणि अन्न, हे त्यांनी खेड्यातल्या, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या आरोग्य सेविकांच्या तोंडून गावोगाव पोहोचवलं. पुढे दोघांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. धाराशिव-लातूरकडे 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं बायकांना घरच्या जमिनीतलं एक एकर मागायला शिकवलं. त्यात भाज्या, कडधान्यं, धान्य, सगळं थोडं थोडं, आधी घरासाठी. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचं 'इक्वेटर' पारितोषिक मिळालं. 'उमेद' अभियानानंही २०२० मध्ये गावोगावच्या बचत गटांतून पोषण परसबागांची मोहीम घेतली. गोल वाफे, मधे खड्डा, कडेला वेल, असा तो आराखडा.

पाटोद्यात या वाफ्यांची परीक्षा दोनदा होते. पहिली पाण्याची. परसबाग जगते ती मोरीच्या पाण्यावर: आंघोळीचं, भांड्यांचं, भाजी धुतलेलं. टँकर सुरू झाला की घरात येणारा हंडाच मोजून येतो. आंघोळ दिवसाआड होते, भांडी राखेनं घासून पुसली जातात आणि पालकाचा वाफा आठ दिवसांत करपतो. दुसरी परीक्षा माणसांची, आणि ती आराखडा काढणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात येत नाही. बियाण्याची पाकिटं पावसाळ्याच्या तोंडावर वाटली जातात, कारण पेरणीचा हंगाम तो. सुरुवातीच्या भाज्या निघतात, वांगी-टोमॅटोची रोपं फळावर येतात, आणि तेवढ्यात दारात ट्रॅक्टर उभा राहतो. घरी राहते ती सासू. तिचे गुडघे आणि तिचा हंडा यांच्यावर पुढचे सहा महिने वाफे सोडायचे.

म्हणून इथल्या जाणत्या बाया वाफ्यापेक्षा झाडावर भरवसा ठेवतात. कढीपत्ता, लिंबू, पपई, हादगा आणि सगळ्यांत आधी शेवगा. पावसाळ्यात फांदी रोवली की जीव धरते, पाल्याची भाजी होते, फुलांची होते. शेंगांचा मोठा बहर फेब्रुवारी ते एप्रिलमधला, म्हणजे टोळ्या परतायच्या सुमाराला. काही घरांत दारात शेवगा लावणं अशुभ मानतात. त्यांचं झाड बांधावर असतं. बांधावरच्या शेंगा मालक कर्नाटकातून येईपर्यंत शिल्लक राहत नाहीत. त्या कुणी नेल्या हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावरून दरवर्षी एक भांडण होतं.